कानाचं औषध संपतं, खाज संपत नाही

प्रश्न : आमचा सिंबा पिवळा लॅब्रेडॉर आहे, वय ४ वर्षं, वजन ३२ किलो. दोन वर्षांचा झाल्यापासून दोन्ही कानांचं दुखणं मागे लागलंय. डोकं झटकतो, कान खाजवतो, आतून तपकिरी मळ आणि आंबूस वास येतो. डॉक्टरांनी दिलेले थेंब रोज एकदा पाच-पाच घालतो, आठवड्यात वास जातो, मग बंद करतो. महिन्याभरात पुन्हा तेच. १५ मिलीची एक बाटली चार वेळा पुरली, त्यामुळे दर वेळी दवाखान्यात जावं लागलं नाही. सासूबाई मधून मधून लसूण घालून कोमट केलेलं खोबरेल कानात सोडतात. पावसाळ्यात त्रास वाढतो. बाकी कुत्रा ठणठणीत आहे, फक्त पंजे सारखा चाटतो, ती त्याची सवयच आहे. खाणं चिकन-भात आणि रात्री दूध-पोळी. रविवारी खडकवासल्याला पोहायला नेतो, ते बंद करावं का? सगळे म्हणतात, लॅबना हे असतंच.
– एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : ‘बाकी ठणठणीत आहे, फक्त पंजे चाटतो’ हे तुमच्या पत्रातलं सर्वांत कामाचं वाक्य, आणि नेमकं तेच तुम्ही जाता जाता लिहिलंय. आज रात्री सिंबाचे पंजे उलटे करून बोटांच्या मधले केस बघा. ते तांबूस-तपकिरी झालेले असतील तर तो रंग लाळेचा आहे, म्हणजे चाटणं बरेच महिने चाललंय. काखा, जांघा, पोटाची खालची बाजूही बघा. कातडी लाल, काळवंडलेली किंवा जाड झालेली दिसली तर ती सवय नव्हे, खाज आहे.

कानाच्या नळीचं अस्तर ही कातडीच असते. अंगाला ॲलर्जी असेल तर ती कानातही असते, आणि बऱ्याच कुत्र्यांत ती आधी कानातच दिसते. ॲलर्जीनं नळी सुजते, आत ऊब आणि ओल वाढते आणि तिथे यीस्ट नावाची बुरशी आणि जिवाणू माजतात. हे दोन्ही निरोगी कानातही थोडे असतातच, कुठून तरी लागण होऊन आलेले नसतात. थेंबांनी तुम्ही त्यांना मारता, पण त्यांना माजू देणारी सूज तशीच राहते. दोन वर्षांच्या आसपास सुरू होणं, दोन्ही कान एकदम धरणं, सोबत पंजे चाटणं, हे सगळं ॲलर्जीकडेच बोट दाखवतं. लॅबच्या लोंबत्या कानांनी आणि पाण्याच्या हौसेनं त्यात भर पडते हे खरं, पण लोंबत्या कानांची कितीतरी कुत्री जन्मभर कानाच्या तक्रारीशिवाय जगतात, आणि ताठ कानांच्या जर्मन शेफर्डचे कान मात्र वाहतात. तेव्हा ‘असतंच’ म्हणून सोडून देऊ नका.

पण ॲलर्जीच्याही आधी एक शंका आहे. सिंबाचं दुखणं महिन्याभरात परत येतंय, की मुळात कधी गेलंच नव्हतं?

तुमच्याच आकड्यांवर हिशोब मांडू. साधारण २० थेंबांचा १ मिली होतो. पाच थेंब म्हणजे पाव मिली. कुत्र्याच्या कानाची नळी आधी सरळ खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळून पडद्यापर्यंत जाते. मोठ्या कुत्र्यात हे अंतर ५ ते १० सेंटिमीटर भरतं. पाव मिली औषध वरच्या भागातल्या मळाला आणि केसांना लागून तिथेच संपतं. वळणापलीकडे, जिथे खरा मुक्काम आहे, तिथे ते पोचतच नाही. ३२ किलोच्या कुत्र्याला दर कानात दर वेळी अर्धा ते १ मिली लागतं. दोन्ही कान धरून रोजचे १ ते २ मिली झाले, म्हणजे १५ मिलीची बाटली आठवडा-दोन आठवड्यांत संपायला हवी. तुमची चार खेपांना पुरली! डॉक्टरांकडून मात्रा थेंबांत न घेता मिलीमध्ये लिहून घ्या आणि सुई काढलेल्या १ मिलीच्या सिरिंजनं मोजून घाला. तेलकट औषधांचे थेंब लहान-मोठे पडतात, त्यामुळे थेंब मोजण्यात तशीही फसगत होते.

दुसरी गडबड थांबण्याची. वास जाणं म्हणजे जंतू कमी होणं, संपणं नव्हे. या औषधांत बहुधा तीन गोष्टी एकत्र असतात: जिवाणूंवरचं अँटिबायोटिक, बुरशीवरचं औषध आणि सूज उतरवणारं स्टेरॉइड. स्टेरॉइड दोन-तीन दिवसांत आराम देतं, कुत्रा खाजवायचा थांबतो, घरच्यांना वाटतं झालं. उपचार साधारण २ ते ४ आठवडे चालतात आणि कधी थांबायचं ते सूक्ष्मदर्शकाखालची स्लाईड (कानातला मळ लावलेली काच) ठरवते. दर वेळी अर्धवट मारलेले जिवाणू औषधाला निर्ढावतात. पाचव्या खेपेला तेच थेंब लागू पडेनासे होतात ते यामुळेच. फोडलेली बाटली महिनोन्‌महिने ठेवून पुन्हा वापरणं तर सोडूनच द्या. फोडल्यावर ती किती दिवस चालते हे लेबलवर लिहिलेलं असतं, आणि तिचं टोक दर वेळी त्या घाण कानाला टेकलेलं असतं.

म्हणून आता पहिलं काम: दवाखान्यात जाऊन दोन्ही कानांची सायटॉलॉजी करून मागा. कापसाच्या काडीवर दोन्ही कानांतला मळ वेगवेगळा घेतात, काचेवर फिरवतात, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तपासणी स्वस्त आहे आणि तिथल्या तिथे उत्तर मिळतं. शेंगदाण्याच्या आकाराचे कण दिसले तर यीस्ट, गोल ठिपके दिसले तर बहुतेक स्टॅफिलोकोकस, आणि दांड्यासारखे जिवाणू दिसले तर सावध व्हायचं, कारण त्यांत स्यूडोमोनास असू शकतो. तो चिवट असतो, पू हिरवट-पिवळा येतो, कानात व्रण पडतात आणि कुत्रा हात लावू देत नाही. तिथे कल्चर करून, म्हणजे जंतू प्रयोगशाळेत वाढवून, कोणतं औषध चालेल ते बघावं लागतं. नुसता वास घेऊन आणि रंग बघून औषध लिहून दिलं तर नम्रपणे स्लाईडचा आग्रह धरा. आदल्या दोन-तीन दिवसांत कान धुऊन नेऊ नका, नाहीतर बघायला काही उरत नाही. आणि उपचार संपायच्या सुमारास पुन्हा एकदा स्लाईड. ती स्वच्छ आली तरच थेंब बंद.

त्याच भेटीत डॉक्टरांनी ओटोस्कोपनं (कानात बघायच्या दुर्बिणीनं) कानाचा पडदा बघायला हवा. पडदा फाटलेला असेल तर जेंटामायसिनसारखी काही औषधं आणि क्लोरहेक्सिडिनचे क्लीनर आतल्या कानाला इजा करून बहिरेपणा किंवा तोल जाणं ओढवू शकतात. नळी सुजून बंद झाली असेल तर पडदा दिसत नाही. अशा वेळी आधी काही दिवस तोंडावाटे प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या देऊन सूज उतरवतात, मग बघतात. या गोळ्यांनी तहान, भूक, लघवी वाढते. घाबरू नका, पण ठरल्यापेक्षा आधी एकदम बंदही करू नका. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घरातून देण्यानं मात्र फार काही साधत नाही. नळीतल्या जंतूंवर थेट सोडलेलं औषध जितकं तीव्र पोचतं, तितकं रक्तातून पोचत नाही.

आता धुण्याची रीत. इथेच बहुतेक घरांत चुकतं.

क्लीनर कुत्र्यांच्या कानांसाठीचाच हवा. कोणता, ते पडद्याच्या अवस्थेवर डॉक्टर ठरवतील. पडद्याबद्दल शंका असेल तर सलाईन किंवा ट्रिस-ईडीटीए नावाचं कान धुण्याचं द्रावण बरं. स्यूडोमोनास असेल तर ट्रिस-ईडीटीए अँटिबायोटिकचं कामही सोपं करतं, मात्र ते औषधाच्या १५-२० मिनिटं आधी घालायचं. बाटली दहा मिनिटं खिशात ठेवून अंगाइतकी कोमट करा. गार पाणी कानात गेलं की कुत्र्याला चक्कर आल्यासारखं होतं आणि पुढच्या वेळी तो बाटली बघूनच पलंगाखाली जातो. हे काम बाथरूममध्ये करा. एकानं सिंबाला भिंतीशी बसवून धरावं. दुसऱ्यानं कानाची पाळ वर आणि किंचित बाहेर ओढून धरावी, म्हणजे नळी थोडी सरळ होते. बाटलीचं टोक भोकाशी न्या, आत खुपसून भोक बंद करू नका, आणि क्लीनर वर येऊन दिसेपर्यंत भरा. लॅबच्या कानात सहज ५ ते १० मिली जातं. दोन-चार थेंबांनी धुणं होत नाही.

मग पाळीच्या मुळाशी, गालाच्या मागे, बोटांना एक टणक नळी लागते ती चिमटीत धरून अर्धा मिनिट चोळा. पचपच असा आवाज आला पाहिजे. आता सोडा आणि मागे सरका, तो डोकं झटकेल. खोलवरचा मळ वर आणायचं खरं काम हे झटकणंच करतं. वर आलेला मळ बोटाला गुंडाळलेल्या गॉझनं किंवा कापसाच्या बोळ्यानं पुसा, बोट जाईल तेवढंच. इअरबड नको. त्यानं मळ आत ठासला जातो आणि सुजलेली कातडी सोलली जाते. बोळ्यावर बरीच घाण आली तर पुन्हा एकदा भरा. १५-२० मिनिटांनी कान निथळला की औषध घालून परत अर्धा मिनिट चोळा.

पू असेल तर सुरुवातीला रोज किंवा दिवसाआड, मेणचट मळ असेल तर आठवड्यातून दोनदा धुणं पुरतं. रोज धुण्याचा अतिरेक केला तर कातडी कायम ओली राहून पांढरी, लिबलिबीत पडते आणि बिघडते. कान इतका दुखत असेल की सिंबा ओरडतो किंवा दात दाखवतो, तर घरी धुऊच नका. पहिले काही दिवस दुखणं आणि सूज उतरवण्यात जाऊ द्यात. जुना, घट्ट बसलेला मळ दवाखान्यात भूल देऊन धुवावा लागतो, आणि जुनाट कानांत ते एकदा नीट झालं की पुढचं सगळं सोपं जातं. शीत्झू, पूडल पाळणाऱ्यांसाठी जाता जाता: निरोगी कानातले केस ग्रूमरकडून दर महिन्याला उपटून घेण्याची गरज नसते. उपटलेल्या जागी कातडी दुखावते.

सासूबाईंना कसं सांगायचं ते तुम्ही बघा, पण तेल बंद. तेल नळीत साचतं, मळ धरून ठेवतं, औषध कातडीपर्यंत पोचू देत नाही आणि डॉक्टरांना पडदा दिसू देत नाही. कुत्र्याच्या कानातलं हे यीस्ट स्निग्ध पदार्थांवरच पोसतं. लसूण कुत्र्याच्या पोटात जाणं वाईट, आणि कानातून ओघळलेलं तेल तो पंज्यानं पुसून चाटतोच. हायड्रोजन पेरॉक्साईड, व्हिनेगर, स्पिरिट, बोरिक पावडर आणि माणसांचे कानाचे थेंब हेही त्याच यादीत धरा.

डोकं एका बाजूला कलणं, चालताना तोल जाणं, डोळ्यांची बुबुळं आपोआप हलणं, चेहऱ्याची एक बाजू लोंबणं, जांभई देताना किंवा चावताना केकाटणं यातलं काही दिसलं तर आजार पडद्यापलीकडे मधल्या किंवा आतल्या कानात गेलेला असू शकतो. त्याच दिवशी दाखवा. थेंब घातल्यावर लगेच तोल गेला किंवा ऐकू येईनासं झालं, तर थेंब थांबवून फोन करा. झटकून झटकून पाळ उशीसारखी फुगली तर आत रक्त साचलंय. घरी टोचून काढू नका, परत भरतं. वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालेल्या कानाची नळी जाड होऊन दगडासारखी कडक बनते, तिथे औषध शिरतच नाही आणि शेवटी अख्खी नळी शस्त्रक्रियेनं काढावी लागते. सिंबाचं दुखणं दोनच वर्षांचं आहे, त्यामुळे तिथवर जायची वेळ यायला नको.

जंतू आटोक्यात आले की ॲलर्जीचा माग. तोवर पिसवा आणि गोचिडांवरचं औषध नियमित चालू आहे ना, ते बघा. खाज कशाची हे ठरवताना पिसवांचा संशय आधी मिटवावा लागतो.

मग आहाराची परीक्षा. कुत्र्यांत अन्नाची ॲलर्जी सगळ्यात जास्त दिसते ती गोमांस, दूध, चिकन आणि गहू यांची. सिंबाच्या ताटलीत यातले तीन रोज असतात. (पुण्यातल्या पुष्कळ घरांत कुत्रा शाकाहारी असतो, दही-भात आणि दूध-पोळीवर. त्याला अन्नाची ॲलर्जी होणार नाही असं समजू नका. दूध आणि गहू यादीत आहेतच.) त्यानं आजवर कधीच न खाल्लेलं प्रथिन निवडा: मासे कधी दिले नसतील तर उकडून काटे काढलेले मासे आणि भात किंवा रताळं. नाहीतर डॉक्टरांकडून मिळणारं हायड्रोलाईज्ड (बारीक तुकडे केलेल्या) प्रथिनांचं खाद्य, जे जास्त खात्रीचं आहे. किमान ८ आठवडे. या काळात बाकी काहीही नाही: पोळीचा तुकडा नाही, बिस्कीट नाही, चघळायचं हाड नाही, औषध लपवायला चीज नाही. गोचिडांवरच्या चवीच्या चघळायच्या गोळ्यांतही मांसाची प्रथिनं असू शकतात, म्हणून गोचिडांसाठी मानेवर टाकायचं औषध विचारून घ्या. कामाच्या मावशी, वॉचमन आणि शेजारची मुलं या सगळ्यांना बजावून ठेवा, कारण बहुतेक परीक्षा तिथेच फसतात. ८ आठवड्यांत खाज आणि कान सुधारले तर जुनं खाणं परत सुरू करा. दोन आठवड्यांत खाज उसळली तर निदान पक्कं. ही शेवटची पायरी टाळली तर सुधारणा खाण्यामुळे झाली की पावसाळा संपल्यामुळे, हे कधीच कळणार नाही. रक्ताची किंवा लाळेची ‘फूड ॲलर्जी टेस्ट’ विकत घेऊन हे कष्ट वाचवायला जाऊ नका, तिचे निकाल भरवशाचे नसतात. घरचं खाणं ८ आठवड्यांहून पुढे न्यायचं झालं तर कॅल्शियम वगैरे कसं भरून काढायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

खाण्यानं फरक पडला नाही तर उरते हवेतल्या गोष्टींची ॲलर्जी: धुळीतले किडे, बुरशी, परागकण. ती बरी होत नाही, आटोक्यात ठेवावी लागते. अंथरूण दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवा. खाजेवर ऑक्लासिटिनिबसारख्या गोळ्या असतात; वर्षाच्या आतल्या पिल्लाला त्या देत नाहीत, सिंबाला चालतील का ते तपासून डॉक्टर ठरवतील. आणि कान स्वच्छ झाल्यावर अनेक त्वचातज्ज्ञ नुसत्या स्टेरॉइडचे थेंब आठवड्यातून दोनदा चालू ठेवायला सांगतात, म्हणजे सूजच चढत नाही आणि जंतूंना जागा मिळत नाही. सिंबासारख्या कुत्र्यात याबद्दल आवर्जून विचारा. आमच्या मते नुसत्या धुण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

ॲलर्जीशिवायची कारणंही डॉक्टरांनी डोळ्याआड करू नयेत. कुत्रा सुस्त, जाड आणि केस विरळ होत असतील तर थायरॉईड कमी पडणं. काळी, कोरडी, भुकटीसारखी घाण आणि घरात मांजर किंवा नवं पिल्लू असेल तर कानातले किडे. आणि पुण्यात दिवाळीच्या आसपास वेताळ टेकडी, तळजाईवरून फिरून आल्यावर एकाच कानाला अचानक झटके सुरू झाले, तर कुसळ. वाळलेल्या गवताची कुसळं एकाच दिशेनं आत सरकतात, आपोआप बाहेर येत नाहीत. त्यावर थेंब घालत बसू नका, त्याच दिवशी काढून घ्या.

राहिला खडकवासला. (तो आपल्या पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे, हा वेगळा विषय.) स्लाईड स्वच्छ येईपर्यंत पोहणं बंद, अंघोळीच्या वेळीही कानात पाणी जाऊ द्यायचं नाही. त्यानंतर पोहू द्या. लॅबला पाण्यापासून कायमचं तोडायची गरज नाही. घरी आल्यावर त्याच संध्याकाळी कान वाळवणाऱ्या क्लीनरनं वर सांगितल्याप्रमाणे भरायचं, चोळायचं, झटकू द्यायचं, पुसायचं आणि पाळ उलटी करून पाच-दहा मिनिटं पंख्याखाली बसवायचं. पोहणं नसेल त्या आठवड्यातही एकदा, जून ते सप्टेंबरमध्ये तर न चुकता. दर रविवारी धुण्याआधी पाळ उचलून वास घ्या. आंबूस वाटला किंवा आत लाली दिसली, तर घरातली बाटली न उघडता स्लाईड करायला न्या.